बारदान धरून अठरा किलो

माझ्या सॅकचं पहिलं खरं वजन सोयाबीनच्या काट्यावर झालं. घरातला काटा स्वयंपाकघरातला; पाच किलोच्या पुढं तो नुसत्या रेघा दाखवतो. मेडिकलमध्ये वजनाचं मशीन आहे, पण त्यावर आधी सॅकसकट उभं राहायचं, मग सॅक उतरवून उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. तेही करून पाहिलं. त्यात सॅकबद्दल फारसं काही कळलं नाही, माझ्याबद्दल मात्र नको ते सगळ्या दुकानाला कळलं. म्हणून दिवाळीनंतरच्या एका रविवारी सॅक स्कूटरवर पुढं उभी करून ओळखीच्या अडत दुकानात गेलो.

दुकानासमोर सोयाबीनचे ढीग पडलेले, चाळणी चालू, धुळीनं सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. मी सॅक काट्याजवळ ठेवली. हमालानं सवयीनं हातातला हूक उगारला.

"अरे, हूक नको!" मी ओरडलो. साडेपाच हजारांची सॅक होती.

तो थांबला. सॅककडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग लेकरू उचलावं तशी दोन्ही हातांनी उचलून काट्यावर ठेवली. लाल आकडे जरा नाचले आणि १८.४ वर थांबले.

"सर, बारदान धरून सांगू का बारदान सोडून?"

पुण्याचा भाचा महिनाभर मला फोनवर 'बेस वेट' नावाची गोष्ट समजावत होता. सॅकचं वजन वेगळं, खाण्यापाण्याचं वेगळं, रोज कमी होणारं वेगळं आणि शेवटपर्यंत पाठीवर राहणारं वेगळं. माझ्या डोक्यात ते काही केल्या शिरत नव्हतं. हमालानं ते एका प्रश्नात शिरवलं. सॅक रिकामी दोन किलोची. म्हणजे पोत्याचंच वजन दोन किलो. आमच्याकडं तागाचं पोतं एवढं जड निघालं तर शेतकरी अडत्याच्या गळ्याला हात घालेल.

"यात ओल किती हाये?"

"तीन लिटर पाणी आहे."

"मंग ओल लय झाली. बाराच्या वर गेली का माल वापस."

सोयाबीनला बारा टक्क्यांच्या आत ओल लागते, नाहीतर सरकारी खरेदीत माल बसत नाही, हे वाशीम जिल्ह्यात पाळण्यातलं पोरसुद्धा सांगेल. मी तिथंच हिशेब केला. अठरा पूर्णांक चारमध्ये तीन, म्हणजे सोळा टक्क्यांच्या वर. मी नापास.

"यात हाये तरी काय, सर?"

"चार दिवसांचं सामान."

"कोनाचं?"

"माझं."

"एकट्याचं?" आणि मग तो काही बोलला नाही. डोक्याचा दुपट्टा सोडला, झटकला आणि पुन्हा बांधला.

हे सगळं सुरू केलं त्या पुण्याच्या भाच्यानं. मे महिन्यात तो आमच्या गावी, शिरपूरला आला, अंगणातल्या बाजेवर आडवा झाला आणि मोबाईलवर त्यानं कोकणकड्याचा फोटो दाखवला. हरिश्चंद्रगडाच्या पश्चिमेला हा कडा आहे. सरळ उभा नाही, तर रांजण उभा चिरून अर्धा ठेवल्यासारखा आतून पोकळ, आणि खाली कोकण. आमच्या भागात जमीन अशी अचानक खाली जाते ती फक्त विहिरीत.

"मामा, याच्या काठावर पालथं झोपून खाली बघायचं असतं."

"पालथं काऊन?" आई आतून म्हणाली. "उभ्यानं दिसत नाही काय?"

"उभ्यानं भीती वाटते, आजी."

"मंग पाहाचंच कायले?"

हा प्रश्न आईनं मे महिन्यात विचारला होता आणि पुढचे आठ महिने आम्ही चार शहाणी माणसं त्याचं उत्तर देण्याऐवजी याद्या करत बसलो.

आम्ही चौघं म्हणजे मी मास्तर, दुसरा मेडिकलवाला, तिसरा कृषी केंद्रवाला आणि चौथे निवृत्त तलाठी. चौघांचं मिळून वय दोनशेच्या वर. माणसं एरवी सकाळी रिसोड रोडनं फिरायला जाणारी आणि चहाच्या टपरीशी पोहोचली की व्यायाम झाला असं धरून परतणारी. भाच्यानं रस्ता काढून दिला तो असा: रतनवाडीहून रतनगड, तिथून कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत, कुमशेतहून पाचनई, पाचनईहून हरिश्चंद्रगड आणि चौथ्या दिवशी टोलार खिंडीतून खाली खिरेश्वर. गाडी नाही, घोडं नाही, पाठीवर घर.

लोक विचारायचे, एवढ्या दूर कशाला? आमच्याकडं डोंगर नाहीत असं नाही. मेळघाट आहे की अकोल्याच्या पलीकडं. पण तो देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला. तिथं पाठीवर पोतं टाकून चार दिवस पायी हिंडतो म्हटलं, तर वनखातं नाही म्हणतं आणि वाघ हो म्हणण्याची शक्यता असते. सह्याद्रीतलं हे जंगलही १९८६ पासून अभयारण्य आहे, कळसूबाई-हरिश्चंद्रगड असं जोडनाव घेऊन. पण तिथल्या वाटा गावोगावच्या माणसांच्या पायाखालच्या आहेत, आणि आत जायला पावती फाडली की झालं.

पावती म्हणताच तलाठीबुवांचे डोळे लकाकले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या हातात नकाशा आला होता. त्यांनी त्याच्या चार झेरॉक्स काढल्या, प्रत्येकीवर कोपऱ्यात 'कार्यालयीन प्रत', 'प्रवासी प्रत' असं लिहिलं, पट्टी लावली, भिंग लावलं, आणि रतनवाडीपासून सुरुवात केली.

"हा पांदण रस्ता आहे का?"

"पायवाट आहे."

"म्हणजे वहिवाटीची. बरं. ही खिंड कोणाच्या हद्दीत येते?"

"डोंगराच्या."

"डोंगर कोणाच्या नावावर आहे?"

त्या रात्री आम्ही रतनगडाच्या पुढं सरकलोच नाही. पण तलाठीबुवांमुळं एक झालं, वाटेवरची एकूण एक गोष्ट आम्हाला न जाताच पाठ झाली. रतनवाडीला अमृतेश्वराचं जुनं कोरीव मंदिर आहे. रतनगडावर प्रवरा उगम पावते आणि लगेच खाली भंडारदऱ्याच्या धरणात जाऊन बसते. एवढ्या लवकर नोकरीला लागलेली नदी दुसरी नसेल. गडावर चढायला लोखंडी शिड्या आहेत आणि डोक्यावर खडकाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. गडाची उंची १,२९७ मीटर, हरिश्चंद्रगडाची १,४२४. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराची गुहा, तिच्यात कमरेच्या वर बर्फासारखं पाणी, मधोमध मोठं शिवलिंग, आणि भोवतालच्या चार खांबांपैकी एकच शाबूत. चांगदेवांनी 'तत्त्वसार' लिहिला तो याच गडावर.

"एकाच खांबावर उभं हाये?" कृषी केंद्रवाल्यानं विचारलं. "आपल्या पंचायत समितीच्या शेडसारखं?"

"शेडला चारही होते," तलाठीबुवा म्हणाले. "तरी पडलं."

वेळापत्रक ठरवायला बसलो तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आमच्या वर्षात रिकामा आठवडा नावाची वस्तू नाही. जून-जुलैत जायचं नाही, कारण कात्राबाईच्या रानात धुकं उतरलं की हाताचा पंजा दिसत नाही आणि ओढे फुगतात. आणि इकडं पेरणी. सप्टेंबरात तिकडं फुलं येतात, इकडं अळी येते. त्या दिवसांत कृषी केंद्रवाला दुकान सोडून डोंगरात फुलं पाहायला गेला, हे गावाला कळलं तर त्याला परत यायला गाव उरणार नाही. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी. नोव्हेंबरात हरभऱ्याची पेरणी, आणि मला कुठली ना कुठली निवडणूक. डिसेंबरात शाळेचं स्नेहसंमेलन. त्यात 'शिवाजी महाराज' मीच बसवतो, म्हणजे दोन महिने गड-किल्ल्यांबद्दल जोशात बोलायचं आणि जायचं मात्र नाही. फेब्रुवारी-मार्चला परीक्षा, शिवाय गडावरची टाकी आटायला लागतात आणि गवताला वणवे लागतात. एप्रिल-मे लग्नं. लग्नसराईत मेडिकलवाला हलत नाही. पंगती उठल्या की त्याची पंगत बसते.

सगळं छाटत छाटत संक्रांत आणि २६ जानेवारी यांच्यामधले काही दिवस उरले. मी हेडमास्तरांना रजेचा अर्ज दिला. कारण या रकान्यात 'गिर्यारोहण' लिहिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "सर, काही घरगुती अडचण असली तर सांगा मोकळेपणानं."

आता यादी. भाच्याची यादी सेहेचाळीस कलमांची. कॅरी मॅट, स्लीपिंग बॅग, मोज्यांचे तीन जोड, पाणी शुद्ध करायचे थेंब, शिट्टी. शिट्टी कशाला विचारलं तर म्हणाला, हरवलात तर वाजवायची. आम्ही चौघांनी चार शिट्ट्या घेतल्या. पण चौघं एकत्रच हरवणार हे चौघांनाही आतून ठाऊक होतं. यादीतली एकच वस्तू अशी निघाली की जी गावात घरोघरी होती. हेडटॉर्च. शेतीची लाइन रात्री येते, तेव्हा कपाळाला बॅटरी बांधून हरभऱ्याला पाणी द्यायचं, हा आमच्याकडचा हिवाळी छंद. दुकानात मला 'ट्रेकिंगसाठी खास' म्हणून बाराशेची बॅटरी दाखवली. तसलीच कृषी केंद्रात दोनशे ऐंशीला, आणि वर सोबत फवारणीचा मास्क फुकट.

मेडिकलवाल्यानं औषधाची पेटी करायची ठरलं होतं. त्यानं दुकान आणलं. तापाच्या, पोटाच्या, ॲसिडिटीच्या गोळ्या, पाच तऱ्हेचे मलम, आणि सगळ्यात खाली सलाइनची बाटली.

"ही टांगणार कुठं?"

"झाडाले."

"आणि लावणार कोण?"

तो जरा विचारात पडला. कारण लावून घेणाऱ्यांत तोही होताच. बाटली निघाली, पण मोठ्या दुःखानं.

आईची यादी कागदावर नव्हती, पण ती भाच्याच्या यादीपेक्षा जड होती. दशम्या, ज्वारीच्या खारोड्या, जवसाची चटणी, ठेचा, मुरमुऱ्याचा चिवडा आणि आंब्याचं लोणचं. लोणचं चिनी मातीच्या बरणीत. प्लॅस्टिकच्या डबीत लोणचं भरणं आई पाप मानते. मी बरणी एकटीच तोलली. एक किलो सातशे. लोणचं त्यात तीनशे ग्रॅम असेल. बारदान, बारदान!

तंबूचं फार सांगत नाही. तो पहिल्यांदा गच्चीवर लावून पाहिला. स्लॅबमध्ये खुंट्या जात नाहीत ही गोष्ट आम्हाला खुंट्या वाकल्यावर सुचली. मग चार कोपऱ्यांना चार विटा ठेवल्या आणि आत शिरून बसलो, तेवढ्यात शेजारचे काका जिना चढून आले आणि म्हणाले, "मंडप लावून राह्यले वाटते, कोनाचं जमलं?"

खरं म्हणजे वजनाच्या बाबतीत आमच्या गावानं कोणाकडून काही शिकण्याची गरज नाही. शिरपूर जैनला लोक लांबून येतात ते अंतरिक्ष पार्श्वनाथासाठी. मूर्ती जमिनीला टेकलेली नाही, खालून कापड सरकतं, असं लहानपणापासून ऐकत आलो. पूर्वी म्हणे तिच्याखालून घोडेस्वार जात असे. मंदिराचं दार वादापायी बंद होतं, ते ४२ वर्षांनी, २०२३ साली सुप्रीम कोर्टाच्या आदेशावर उघडलं. ज्या गावात देवानं जमिनीवर भार टाकलेला नाही, त्या गावातला मास्तर अठरा किलो चारशे ग्रॅम घेऊन काट्यावर उभा. आणि विहार करत येणारे दिगंबर मुनी तर आमच्या रस्त्यानं जाताना मी कैकदा पाहिलेत. मोरपिसांची पिंछी, कमंडलू, फार तर एखादं शास्त्र. पायात काही नाही, अंगावर काही नाही, दिवसातून एकदाच आहार आणि तोही ओंजळीत, म्हणजे ताट-वाटीचंही वजन नाही. भाचा ज्या परदेशी लोकांची उदाहरणं द्यायचा, जे म्हणे वजन वाचवायला दात घासायच्या ब्रशचा दांडा कापतात, त्यांना एकदा शिरपूरला आणून रस्त्याच्या कडेला बसवायला पाहिजे. पण एवढं हलकं व्हायला दीक्षा लागते. आम्हाला नुसती रजा मिळाली होती.

राहिले वारकरी. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना दरसाल आमच्या गावावरून जाते. पातूर, मेडशी, मालेगाव, शिरपूर आणि पुढं रिसोड. महिनाभराची चाल. आईही तरुणपणी गावातल्या बायांच्या दिंडीबरोबर दोनदा पायी पंढरपूरला गेलेली आहे. मी तिच्यापुढं सॅक उघडून बसलो आणि विचारलं, "तुझ्या पिशवीत काय काय असायचं?"

"दोन लुगडी, तांब्या, बुक्क्याची डबी, टाळ."

मी भारावलो. शेकडो किलोमीटर आणि एक पिशवी! वारकऱ्यांच्या साधेपणावर एक छानसं भाषण माझ्या मनात जुळत आलं होतं. शाळेत परिपाठाला चाललं असतं.

"आणि बाकीचं?"

"बाकीचं टरकात."

"ट्रकात?"

"दिंडीचा टरक ऱ्हाते नं. वळकट्या, गंज, पातेले, पीठ-मीठ, समदं टरकात. आंगावर वझं घेऊन कोनी चालते काय? वझंच वाह्याचं तं देवाचं नाव कधी घ्याचं?" मग माझ्या सॅककडं पाहून तिनं विचारलं, "तुमचा टरक कोनता?"

भाषण त्या ट्रकखाली सापडलं.

डिसेंबरात भाच्यानं फर्मान काढलं: निघण्याआधी भरलेली सॅक घेऊन दहा किलोमीटर चालून बघा. बाकीच्या तिघांनी थंडीचं कारण सांगितलं, म्हणून एका रविवारी पहाटे मी एकटाच निघालो. अठरा किलो चारशे ग्रॅम, हातात काठी, डोक्याला बॅटरी. पहिला अर्धा किलोमीटर गावची कुत्री सोबत होती. त्यांना इतक्या वर्षांत माझा वास पाठ होता, पण माझी ही उंची नवीन होती.

वऱ्हाडात पाठीवर ओझं घेऊन पायी चालणं ही फार अवघड गोष्ट आहे, आणि त्याचा पायांशी काही संबंध नाही. पहिली मोटारसायकल माझ्याजवळ थांबली तेव्हा पुरतं उजाडलंही नव्हतं.

"बसा, सर."

"नको, मी चालतोय."

"गाडी पंक्चर झाली काय?"

"नाही, असंच चालतोय."

"असंच?" तो थांबून राहिला. त्याला मला सोडून जाववेना. शंभर पावलं तो गाडी फर्स्ट गिअरवर माझ्या बरोबरीनं चालवत राहिला, मग म्हणाला, "सर, घरी काही झालं काय? वैनी बऱ्या हायेत नं?" त्याला शपथेवर सांगून पुढं पाठवला, तर मागून दूधवाला. मग एक ऑटो. ऑटोवाला म्हणाला, पैसे नका देऊ. मग शाळेतलाच एक विद्यार्थी बापाच्या गाडीवर मागं बसून गेला आणि त्यानं मान पूर्ण मागं वळवून मला दिसेनासं होईपर्यंत पाहून घेतलं. नंतर कळलं, मी घर सोडून चाललो आहे ही बातमी माझ्या घरी मी तिसऱ्या किलोमीटरवर असतानाच पोहोचली होती. आईनं सांगणाऱ्याला विचारलं म्हणे, "बरणी नेली काय त्यानं?"

चौथ्या किलोमीटरला खांदे बोलायला लागले. मी एका धुऱ्याशी सॅक टेकवली, वही काढली आणि वेळ टिपून घेत होतो, कारण भाच्यानं दर किलोमीटरची वेळ मागितली होती. पाठीवर मोठी बॅग, गळ्यात शिट्टी, हातात वही, मोबाईल आडवा धरून शेताकडं. तुरीच्या ओळींतून एक आजोबा घाईघाईनं आले.

"आले बापा एकदाचे! पंधरा दिवस झाले फोन करून."

"आजोबा, मी तो नाही."

"आता आले तं पाहून घ्या. धुवारीनं समदा फुलोरा गळला. हे पाहा, हे पाहा." त्यांनी एक फांदी वाकवून माझ्या नाकासमोर धरली. खरंच, देठांवर नुसत्या काड्या होत्या. धुक्यानं काळवंडलेलं एखादं फूल कुठं अडकलेलं. "इकडच्या धुऱ्याले थोड्या शेंगा हायेत, पन त्या मोजू नका."

मी विमा कंपनीचा माणूस नाही, शाळेतला मास्तर आहे आणि डोंगरावर जायची तयारी म्हणून ओझं घेऊन चालतो आहे, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. पहिल्या वेळी त्यांना ते पटलं नाही. दुसऱ्या वेळी त्यांना वाटलं मी टाळतो आहे. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा राग जाऊन तिथं दया आली. मला विमावाला समजले होते तेव्हा बरं होतं.

"बसा," ते म्हणाले. "चहा घ्या." काट्या पेटवून त्यांनी काळा चहा केला, गूळ घालून. मग त्यांच्या मुलानं वहीत माझ्याकडून सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि नुकसान असा एक अर्ज लिहून घेतला, कारण मास्तर आयताच सापडला होता. निघताना आजोबांनी न मोजायच्या त्या शेंगांतल्या दीडएक किलो ओल्या शेंगा तोडून एका पिशवीत घातल्या आणि पिशवी माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात कोंबली. नको म्हणायला तोंड उघडलं तर म्हणाले, "एवढं वाहून ऱ्हायले, तं येवढ्यानं काय होते?" पुढच्या मळ्यात वांगी मिळाली. दहा किलोमीटर झाले नाहीत. सहाव्यालाच मी हात टेकले.

अडत दुकान उघडलं होतं. हमालानं या वेळी हूक उगारला नाही. आकडे २०.९ वर थांबले.

"सर," तो म्हणाला, "लोकं माल घेऊन येते तं वजन घटते. तुमचं वाढून कसं ऱ्हायलं?"

आठ जानेवारीला भाच्याशी शेवटचा फोन झाला. मी यादी वाचत होतो: स्टोव्ह, गॅसचा डबा, तांदूळ, डाळ, कांदे, तेल, तंबू...

"मामा, तंबू कशाला?"

"मग झोपायचं कुठं?"

"रतनगडावर गुहा आहे. कुमशेतला गावात कोणाच्याही घरी सोय होते, मी बोलून ठेवतो. आणि हरिश्चंद्रगडावर तंबू भाड्यानं मिळतात. पाचनईची लोकं वर झोपड्या टाकून असतात. गरम पिठलं-भाकरी मिळते, चहा मिळतो."

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. आई गहू निवडत होती. तिचा हात सुपात थांबला.

"पिठलं-भाकर?"

"हो आजी, एकदम मस्त असते. चुलीवरची."

"पिठलं-भाकर खायले चार दिवस चालता?" आणि मग, माझ्याकडं न बघता, पुन्हा खडे वेचत, "मी घरी करून दिली तं म्हनते, आज पन पिठलंच काय."

त्या रात्री आम्ही चौघं अंगणात बसलो आणि सॅका उलट्या केल्या. तंबू गेला, स्टोव्ह गेला, गॅस गेला. मेडिकलवाल्यानं मलम दोनवर आणले. तलाठीबुवांनी कार्यालयीन प्रत घरी ठेवायचं मान्य केलं, पण तसा शेरा मारून. माझ्यासमोर शेवटी बरणी उरली. लोणचं डबीत काढायचं तर आई झोपेपर्यंत थांबावं लागणार होतं, आणि आई त्या रात्री काही झोपत नव्हती.

निघायच्या संध्याकाळी चारही सॅका अडतीवर नेल्या. आता ते रिवाजातच बसलं होतं. बारा, बारा दोनशे, अकरा आठशे, आणि तलाठीबुवांची बरोबर बारा, जणू शासन निर्णय. एकूण अठ्ठेचाळीस. सोयाबीनचा एक कट्टासुद्धा भरला नसता.

"बारदान धरून," हमाल म्हणाला.

"धरून."

"ओल?"

"एक-एक लिटर." म्हणजे नऊ टक्क्यांच्याही आत. माल पास होता.

मालेगावची गाडी यायला वीस मिनिटं होती. तिथून अकोला, अकोल्याहून रात्रीची इगतपुरी. आम्ही पट्टे बांधायला लागलो. छातीचा पट्टा, कमरेचा पट्टा, खांद्याचा ओढायचा, मग कमरेचा सैल करायचा. भाच्यानं शिकवलेला क्रम कोणालाच आठवेना. मेडिकलवाल्याचा एक हात पट्ट्यात अडकून वरच राहिला. हमालानं थोडा वेळ हे पाहिलं. मग त्यानं दुपट्ट्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवली, दोन सॅका एकमेकींना बांधून वर घेतल्या, उरलेल्या दोन दोन्ही खांद्यांना अडकवल्या आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागला. त्याच्या मागून आम्ही चौघं, गळ्यात शिट्ट्या आणि हातात काठ्या घेऊन, जवळजवळ पळत. गाव दोन्ही बाजूंनी बघत होतं.

स्टँडवर त्यानं सॅका एकेक करून अलगद उतरवल्या, बरणीची सगळ्यात शेवटी, आणि घाम पुसत विचारलं,

"सर, तिकडं रतनवाडीले हमालीचा काय रेट चालू हाये?"